वॉटर पार्कची ड्युटी आणि अंगावरचं सामान: कोकण किनाऱ्यावर काय टिकतं, काय नाही

किनाऱ्यावरच्या वॉटर पार्कात कामाला लागलं की बहुतेक ठिकाणी दोन टी-शर्ट, एक कॅप आणि गळ्यातलं ओळखपत्र हातात पडतं. बाकीचं ज्याचं त्यानं बघायचं. एप्रिल-मे म्हणजे गर्दीचा कळस. सुट्टीवर आलेले चाकरमानी, त्यांची पोरं, शनिवार-रविवारी बसा भरून येणारे ग्रुप. शेवटचं गिऱ्हाईक गेटबाहेर गेल्यावर डेक धुऊन, ट्यूबा मोजून मगच सुटका. या सगळ्या वेळात पायात, अंगात आणि हातात काय आहे यावर तो दिवस कसा जाणार हे ठरतं. लाइफगार्डच्या बाबतीत तर समोरच्या पोराचा जीवही त्यावर ठरतो.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८ ला, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ ला. तेवढ्या पसाऱ्याच्या पार्कांचा हिशेब वेगळा. इथे डोळ्यासमोर आहेत ती छोटी-मध्यम पार्कं आणि रिसॉर्टला जोडलेले स्लाइड-पूल, जिथे गावातलीच पोरं-पोरी हंगामापुरती लागतात आणि सामान बाजारातून स्वतः आणतात. किनाऱ्यावर सामानाचे वैरी चार: खारी हवा, क्लोरीन, ऊन आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. घाटावर दोन वर्षं चालणारी वस्तू इथे एका हंगामात जाते, त्यामुळे दुकानदाराच्या गॅरंटीवर फार विसंबू नये.

सुरुवात पायांपासून, कारण या नोकरीत आधी पायच जातात.

वॉटर पार्कात सगळ्यांना एकच पादत्राण चालेल अशी समजूत असते आणि तिथेच पैसे वाया जातात. पूलच्या काठावरच्या लाइफगार्डला एका क्षणात पायातून निघेल असं काही हवं, कारण त्याला उडी मारायची असते. स्लाइडच्या टॉवरवर चढणाऱ्याला याच्या बरोबर उलट, म्हणजे टाचेला पट्टा असलेलं आणि पायाशी घट्ट बसणारं. १५ मीटरच्या टॉवरला ऐंशीच्या वर पायऱ्या होतात. त्या सतत ओल्या, आणि वरचा माणूस जेवणाला, लघवीला, पॉइंट बदलायला दिवसातून सहा-सात वेळा चढतो-उतरतो. साधी रबरी स्लीपर तिथे घसरते. अंगठ्याचा पट्टा भोकातून निसटला की माणूस पुढच्या पायरीवर तोंडघशी पडतो. पंप रूमवाल्याला गमबूट, राइडच्या मेकॅनिकला सेफ्टी शूज, तिकीट खिडकीवर आणि कॉस्च्युम काउंटरवर बंद पण हवेशीर बूट.

काठावरच्या ड्युटीला ईव्हीएचे क्लॉग, म्हणजे भोकं असलेले फोमचे हलके जोडे, आमच्या मते सगळ्यात बरे. साध्या कंपनीचे तीनशे-चारशेत मिळतात. पाणी आत आलं तरी बाहेर जातं, वाळायला लागत नाहीत, मे महिन्यात तापलेल्या कोटा फरशीवर पाय भाजत नाहीत. मागचा पट्टा पुढे दुमडून ठेवायचा म्हणजे ते लगेच निघतात. दोष दोन. तळव्याची नक्षी तीनेक महिन्यांत झिजते आणि मग शेवाळ धरलेल्या फरशीवर ते साबणाच्या वडीसारखे सरकतात. दुसरं, उन्हात ठेवले की आक्रसतात. डेकवर काढून ठेवलेला जोड संध्याकाळी अर्धा नंबर लहान झालेला असतो. घेताना तळवा नखानं दाबून बघा. नख सहज रुततं तो जोड घेऊ नका, तो महिन्यात बसतो.

टॉवरसाठी फ्लोटर घ्या, पण वेलक्रोवाला नको. वेलक्रोत वाळू आणि दोऱ्याचा कचरा अडकतो आणि महिनाभरात तो धरणं सोडतो. प्लॅस्टिकच्या बकलाचा बघा. लोखंडी बकल खाऱ्या हवेत गंजतं आणि त्याची धार पायाला लागते. सोल चिकटवलेला असेल तर मोच्याकडून आधीच कडेनं शिवून घ्या. पाण्यात भिजून उन्हात वाळणं हे चक्र रोजचं असल्यानं गोंद पहिल्यांदा पुढच्या बाजूनं उकलतो, आणि पायरीला नेमकी तीच बाजू अडते.

गमबुटांबद्दल एक गैरसमज आहे. पाण्याचं काम म्हणून काही सुपरवायझर काठावरच्या पोरांनाही गमबूट घालायला लावतात. वरून पाणी आत गेलं की गमबुटाला ते बाहेर टाकायची वाट नसते, पाय दिवसभर भिजत राहतो. आणि गमबुटासकट पूलमध्ये उडी मारणं म्हणजे दोन बादल्या पायाला बांधून उतरणं. गमबूट पंप रूममध्ये, फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना, म्हणजे बॅकवॉश करताना, आणि सकाळी ब्लीचिंगनं डेक घासतानाच घालावेत. तिथे मात्र ते हवेतच.

मेकॅनिकच्या सेफ्टी शूजबाबत किनाऱ्यावर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाजारातले बरेच सेफ्टी शूज पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलचे असतात. पीयू दमट हवेत आपोआप तुटत जातं, वापरा किंवा नका वापरू. दोन-तीन वर्षं स्टोअरमध्ये पडून असलेला कोरा करकरीत जोड पायात घातला की दुसऱ्या दिवशी सोलचा भुगा पडायला लागतो. म्हणून जोडावरची बनवल्याची तारीख बघा, सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाचा, आयएस १५२९८ चा शिक्का बघा, आणि शक्य असेल तर रबरी सोलचा घ्या. थोडा जड असतो, पण कोलंबसच्या, म्हणजे झुलत्या जहाजाच्या पाळण्याखाली ग्रीस सांडलेल्या पत्र्यावर तोच पकड धरतो.

आता चिखल्या. शेतात लावणीला होतात त्याच इथे बारमाही होतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी आधी पांढरी, सुरकुतलेली, ओल्या कागदासारखी दिसते. मग ती सुटते, खाली लाल चर पडते, आणि क्लोरीनचं पाणी लागलं की झोंबतं. बहुतेक जण याच टप्प्यावर मेडिकलमध्ये जातात आणि दुकानदार देईल ती मिक्स ट्यूब लावतात. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज जाते आणि पंधरा दिवसांत दुप्पट होऊन परत येते, कारण स्टेरॉइडनं बुरशी मरत नाही, नुसती सूज दबते. साधी एक टक्क्याची क्लोट्रिमॅझोलची ट्यूब मागा, तिच्यावर दुसऱ्या औषधाचं नाव नाही हे वाचून घ्या, दिवसातून दोनदा लावा आणि बरं वाटलं तरी दोन-तीन आठवडे थांबवू नका. मधुमेह असेल किंवा पाय सुजला असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

त्याआधीची काळजी फुकटातली आहे. जेवणाच्या सुट्टीत जोडे काढून पाय उघडे ठेवा. बेचक्या जुन्या सुती कापडानं एकेक करून पुसा. पावडर पूर्ण कोरड्या पायावरच टाका, ओल्यावर टाकली की तिचे खडे होतात आणि तेच घासतात. टाचांच्या भेगांना कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, उत्तम. वाटीत किंचित पातळ करून रात्री भरायचं आणि वर मोजे घालून झोपायचं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही आठवडी बाजारात मिळतं आणि भेगांच्या महागड्या क्रीमपेक्षा चांगलं काम करतं. मात्र चिखल्यांवर मुठेल लावू नये, तिथे ओल आणखी कोंडते.

उभं राहण्याचा प्रश्न नुसत्या जोड्यानं सुटत नाही. राइड ऑपरेटरच्या केबिनमध्ये आणि काउंटरमागे भोकांची जाड रबरी मॅट टाकली तर पोटऱ्यांना मोठा फरक पडतो. जिममधल्या जोडकामाच्या फोमच्या मॅट स्वस्त असतात म्हणून आणल्या जातात, पण त्या पाणी धरतात, खालून कुबट होतात आणि कडेनं उचलल्या गेल्या की पाय अडकतो. त्या टाळा. आणि स्टूल मागायला लाजू नका. तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात बदल करून कामगाराला बसायची सोय देणं बंधनकारक केलं. बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतो ही समजूत किती जुनाट आहे, हे त्यावरून कळावं. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत दिवस काढावा लागतो, आणि तिशीतच पोटरीच्या शिरा फुगलेली माणसं या धंद्यात सहज सापडतात.

रेस्क्यू ट्यूब ही पार्कनंच द्यायची वस्तू आहे, तरी तिच्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण ती हातात घेणाऱ्यालाच तपासावी लागते. ट्यूब म्हणजे लाल फोमचा साधारण सव्वा मीटरचा तुकडा, खांद्यावरून घ्यायचा पट्टा आणि दोन्हीला जोडणारी दोरी. रोज सकाळी ती मधोमध वाकवा. वरच्या सालीला बारीक भेगा दिसल्या तर आत पाणी शिरायला लागलंय. अंगठ्यानं दाबा. खळगा भरून आला नाही तर फोम मेला. मग पट्टा आणि ट्यूब यांच्यामधली शिवण दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा, सगळ्यात आधी तुटतं ते तिथेच. ट्यूब उन्हात टाकून ठेवणं, तिच्यावर बसणं, पोरांना खेळायला देणं ही तिच्या मरणाची कारणं.

आणि घेण्याची पद्धत. खुर्चीवर बसल्यावर पट्ट्याचा लोंबता भाग हातात गोळा करून ट्यूब मांडीवर आडवी ठेवायची. तो खाली लोंबत ठेवला तर उडी मारताना खुर्चीच्या पायात अडकतो आणि लाइफगार्डच उलटा पडतो. काही ठिकाणी ट्यूबऐवजी गाडीच्या टायरची ट्यूब किंवा भिंतीवर टांगलेलं रिंग दाखवतात. रिंग शुद्धीत असलेल्या माणसाला फेकता येते, तो ती धरतो. बेशुद्ध पोराच्या पाठीखाली आधार द्यायला रेस्क्यू ट्यूबच लागते. ती नसेल तर त्या पॉइंटवर बसू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

शिट्टी छोटी वस्तू, पण महत्त्वाची. वाटाण्याची, म्हणजे आत गोळी असलेली, शिट्टी पाण्यात भिजली की गोळी अडकते आणि नेमक्या वेळी नुसती फुसफुस होते. बिनगोळीची घ्या. फॉक्स ४० ही तशी पहिली गाजलेली शिट्टी, १९८७ मध्ये कॅनडातल्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट या बास्केटबॉल पंचानं बाजारात आणली, तीही गोळीची शिट्टी ऐन सामन्यात अडकल्यामुळेच. त्या नावाच्या नकला खूप आहेत. विकत घेण्याआधी पाण्यात बुडवून लगेच वाजवून बघा. गळ्यातली दोरी जोर पडला की सुटणारी हवी. घाबरलेला माणूस पाण्यात पहिली पकड गळ्याशीच घालतो.

गॉगलवर पैसे खर्च करा असं आम्ही आवर्जून सांगू. लाइफगार्डचं काम बघण्याचं आहे. आपला भाग दहा सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि संकट दिसल्यावर वीस सेकंदांत पोचायचं, असा प्रशिक्षणातला दंडक आहे. दुपारी बारानंतर पश्चिमेकडे कललेलं ऊन पाण्यावर चमकतं आणि तळ दिसेनासा होतो. साधा काळा गॉगल सगळंच अंधारं करतो, चमक तशीच राहते. पोलराइज्ड काच पाण्यावरची चमक कापते आणि तळाची टाइल दिसते. दुकानात तपासायची युक्ती सोपी आहे. गॉगलमधून मोबाईलचा स्क्रीन बघत मोबाईल हळूहळू फिरवा. कुठल्या तरी कोनात स्क्रीन काळवंडला तर काच खरी. मागून दोरी लावा, काच गोड्या पाण्यानं धुऊनच पुसा, नाहीतर मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात.

इतकं असूनही सलग तासभर कुणाची नजर टिकत नाही. २० ते ३० मिनिटांनी पॉइंट बदलणं हाच त्यावर इलाज आहे, आणि रिलिव्हर न ठेवणाऱ्या पार्कात कितीही भारी गॉगल घेऊन उपयोग नाही.

टी-शर्टात सुती कापड वाईट. ओलं झालं की वाळत नाही, काखेत आणि मांडीत घासून चट्टे उठतात. पार्कात गिऱ्हाइकांना सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत, कारण त्याचे दोरे फिल्टरच्या वाळूत अडकतात आणि ओलं कापड जड होऊन पोहणाऱ्याला ओढतं. कॉस्च्युम काउंटरवरची निम्मी भांडणं यावरूनच होतात. मग तोच नियम स्टाफच्या युनिफॉर्मला का नसावा? पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा स्विम टी-शर्ट घ्या. ताणला जाणारा, स्पॅन्डेक्स जास्त असलेला आकर्षक दिसतो, पण क्लोरीन स्पॅन्डेक्स खातं आणि दोन महिन्यांत कोपरं लोंबायला लागतात. ड्युटी संपल्यावर गोड्या पाण्यात पिळून काढला तर हंगाम निघतो. डोक्याला कॅपऐवजी चहूबाजूंनी काठ असलेली टोपी आणि हनुवटीखाली दोरी असावी. कॅपमध्ये कान आणि मान उघडी राहतात. सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं, दर दोन तासांनी. तळहातांना लावू नका, ट्यूब निसटते. रेनकोटवर फार सांगण्यासारखं नाही: पॅन्ट आणि जॅकेट वेगळं असलेलं घ्या, लांब झगा टॉवरच्या वाऱ्यात पायात येतो. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र रेनकोट घालून टॉवरवर उभं राहायचं नाही. गडगडाट ऐकू आला की पूल रिकामा करायचा आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास कुणालाही सोडायचं नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी दोन लिटरची जाड बाटली पॉइंटवर ठेवा. घामानं मीठ जातं, नुसतं पाणी ढोसून दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. सकाळी मीठ घातलेली पेज खाऊन येणाऱ्या जुन्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी एक लिटरवालं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालावं. अर्ध्या बाटलीत दाट करून पिणं उलट त्रास देतं. पार्कच्या स्टॉलवरचं पाकिटातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

वॉकीटॉकी घ्यायची वेळ सुपरवायझरवर येते. परवाना लागत नाही असे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले सेट मागा, दुकानदार काहीही चालेल म्हणतो ते खरं नसतं. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सहन करणारा, आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. काठावर आयपी ६७ चाच हवा. चार्जिंगच्या पितळी टोकांवर हिरवट थर येतो आणि सेट रात्रभर चार्जरवर असूनही सकाळी मेलेला निघतो. आठवड्यातून एकदा खोडरबरानं ती टोकं घासली की काम होतं.

पंप रूमचं सामान ही या सगळ्यातली सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात धोक्याची बाजू. तिथे कापडी मास्क लावून काम करणारी पोरं दिसतात. कापडी मास्क क्लोरीनच्या वायूला अजिबात अडवत नाही. वायूसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क, डोळ्यांना चहूबाजूंनी बंद चष्मा, कोपरापर्यंतचे नायट्रिल हातमोजे आणि गमबूट एवढं नसेल तर डबा उघडू नये. ब्लीचिंगचा मग वेगळा, ॲसिडचा मग वेगळा, दोन्हींचे रंग वेगळे आणि जागाही वेगळ्या. पीएच उतरवायला ॲसिड घेतलेल्या मगात थेंबभर राहिलं आणि त्यातच हायपो, म्हणजे पाण्यात टाकायचं हायपोक्लोराइट, ओतलं की जागच्या जागी क्लोरीन सुटतं. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या आणि हायपोची पावडर एकमेकांत मिसळली तर भडका उडू शकतो, म्हणून दोन्हींसाठी एकच चमचाही नको. केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही. आणि ब्लीचिंगचं झाकण लगेच लावा. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर ढेकळं होऊन बसते, तिचा जोर जातो, मग दुप्पट टाकली जाते आणि कुणाला कळत नाही की पाण्यात नक्की किती गेलं.

तपासणीचा किट स्वस्तातला पिवळ्या रंगाचा मिळतो. त्यात एकूण क्लोरीन कळतं, कामाचं मोकळं क्लोरीन वेगळं कळत नाही. गुलाबी रंग देणारा डीपीडी किट थोडा महाग, पण तोच घ्यायला लावा. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ असेल तर पाणी डोळ्यांना झोंबत नाही. पूलला उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झालं असं समजून कमी करतात. तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, आणि त्या पाण्यात दिवसभर उभ्या असलेल्या स्टाफचा खोकला त्यानंच जात नाही.

मेकॅनिकसाठी एकच वस्तू सांगायची तर स्वतःचं कुलूप. राइडखाली शिरण्याआधी मेन स्विच पाडून त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि नावाची चिठ्ठी अडकवायची. पितळी कुलूप घ्या, लोखंडी महिनाभरात गंजून बसतं. वर कुणीतरी ‘एक राउंड मारून बघतो’ म्हणून बटण दाबलं, की खालच्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

जोकराचा किंवा कार्टूनचा पोशाख घालणाऱ्यांसाठी: आत डोक्याला वेगळं सुती फडकं बांधा, रोज नवं. आपल्या दमट हवेत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आत राहू नका, सोबत एक माणूस हवाच. मुखवटा संध्याकाळी पालथा ठेवून आत टेबलफॅन सोडा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आतल्या फोमला बुरशीचा वास असतो आणि तो पुढे कशानंही जात नाही.

रुजू होतानाच ठेकेदाराला विचारून घ्या की शिट्टी, ट्यूब, टी-शर्ट हरवल्यास किंवा फाटल्यास पगारातून काय कापणार, आणि ते कागदावर घ्या. हंगाम संपताना मे अखेरीला फाटका पट्टा दाखवून पैसे कापल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. ट्यूब हातात घेतल्या दिवशी तिच्या शिवणीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तर बोलायला जागा राहते. गणपती आणि शिमग्याची रजाही तेव्हाच ठरवून घ्यावी, नंतर मिळत नाही.

पावसात हे सगळं वाळवायचं कुठे हा शेवटचा प्रश्न. मोटरची ऊब असते म्हणून पंप रूममध्ये दोरी बांधून टी-शर्ट आणि बूट टांगले जातात. तिथल्या हवेतलं क्लोरीन कापड सडवतं, आणि ओली बाही खाली सरकून बेल्टमध्ये गेली तर मोटर पेटते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, चार तासांनी बदला, दोन जोड ठेवून आलटून-पालटून घाला. स्टाफ रूममध्ये छताखाली एक दोरी आणि एक भिंतीवरचा पंखा एवढं पार्ककडून मागून घ्या.